सिंफनी ऐकायची तर आधी पट्टी शोधा

कोल्हापुरातल्या गाणं ऐकणाऱ्या माणसाला सिंफनी, म्हणजे पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी वाद्यरचना, का जड जाते, असं विचारलं की 'वाद्यं फार, गलका फार' असं उत्तर येतं. ते खरं कारण नव्हे. अल्लादियाखाँसाहेबांच्या (१८५५–१९४६) परंपरेतला बसंती केदार हा जोडराग ऐकताना बसंत कुठं सुटला आणि केदार कुठं धरला हे ज्याला कळतं, त्याचा कान एकाच वेळी वाजणाऱ्या चार-सहा सुरांना घाबरणारा नसतो. घोडं अडतं ते षड्जापाशी. आपल्याकडं तंबोरा जुळला की सा ठरला. मैफल उठेपर्यंत तो हलत नाही. गायकानं मध्येच मूर्च्छना दाखवून मध्यमाला सा केलं, तरी मागं तंबोरा मूळ जागेवर असतो आणि म्हणूनच ती करामत कळते.

सिंफनीत सा खरोखरच जागा सोडतो. सात-आठ मिनिटांच्या एका मूव्हमेंटमध्ये, म्हणजे रचनेच्या एका भागात, तो कितीदा तरी हलतो, कधी जवळच्या घरी जातो, कधी पार वेशीबाहेर, आणि शेवटी परत येतो. रचनेची सगळी उत्कंठा या जाण्या-येण्यात असते. हे माहीत नसलेला श्रोता पहिल्या मिनिटातला सा मनात धरून बसतो, दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला त्याला सगळं अधांतरी वाटायला लागतं, आणि मग तो 'छान आहे, पण आपल्याला नाही कळत' म्हणून बंद करतो. तेव्हा वाद्यांची नावं पाठ करण्याआधी पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर आहे ते, शोधायला शिकावं, हे माझं मत. त्यासाठी लागणारं सामान घरात असतंच : एक हार्मोनियम, किंवा मोबाइलवरचं तंबोऱ्याचं ॲप.

रेकॉर्डिंगवर लिहिलेल्या नावातच पट्टी दिलेली असते. सी म्हणजे पांढरी एक, डी पांढरी दोन, ई पांढरी तीन, एफ पांढरी चार, जी पांढरी पाच, ए पांढरी सहा, बी पांढरी सात. काळ्यांपैकी सी शार्प काळी एक, ई फ्लॅट काळी दोन, एफ शार्प काळी तीन, ए फ्लॅट काळी चार, बी फ्लॅट काळी पाच. पुढं मेजर लिहिलं असेल तर सगळे शुद्ध स्वर, म्हणजे बिलावल थाट. मायनर असेल तर पाया आसावरी थाटाचा, पण षड्जाकडं चढताना निषाद बहुतेक वेळा शुद्ध लागतो, म्हणून प्रत्यक्षात कानाला किरवाणीजवळचं काहीतरी ऐकू येतं. 'सिंफनी नंबर ४०, जी मायनर, के ५५०' याचा अर्थ एवढाच की पांढरी पाचची पट्टी, गंधार-धैवत कोमल, आणि मोझार्टच्या रचनांची यादी करणाऱ्या कोशेलच्या यादीत ५५० वा क्रमांक. बेथोवनच्या नावापुढचा ओपस हा प्रकाशनाचा क्रमांक असतो. अलेग्रो, अंदान्ते ही मूव्हमेंटची नावं नव्हेत, लयीच्या सूचना आहेत.

सुरुवात मात्र अशा रचनेनं करावी जिच्यात पट्टी जवळजवळ हलतच नाही. मोरिस रावेल या फ्रेंच संगीतकाराचा बोलेरो (१९२८) त्यासाठी फार सोयीचा. साधारण १५ मिनिटांची रचना, पट्टी पांढरी एक. ॲप पांढरी एकला लावा, आवाज अगदी बारीक ठेवा आणि बोलेरो सुरू करा. सुरुवातीला व्हायोला आणि चेलो (व्हायोलिनच्याच जातीची, पण खालच्या सुरांची वाद्यं) गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात आणि मुख्यतः सा आणि प देत राहतात. तुमचा तंबोरा त्यात मिसळून जातो. वर स्नेअर ड्रम या छोट्या ढोलाचा ठेका चालू होतो : तीन-तीन मात्रांचे दोन खंड, पहिल्यात १० आघात, दुसऱ्यात १४. हा ठेका शेवटपर्यंत बदलत नाही, फक्त आवाज वाढत जातो. वाजवणाऱ्याच्या दृष्टीनं ऑर्केस्ट्रातलं हे सर्वांत जीवघेण्या कामांपैकी एक आहे, कारण लय एक केसभरही चढू द्यायची नाही आणि आवाज मात्र पाव तासभर इंचाइंचानं वाढवायचा. हलगी वाजवणाऱ्यांना विचारा, आवाज वाढवताना लय न वाढवणं किती कठीण असतं ते.

धुना दोनच. पहिली शुद्ध स्वरांची. दुसरीत कोमल निषाद, कोमल गंधार, कोमल ऋषभ असे स्वर येऊन ती वाकडी वाट धरते, तरी सा तोच. प्रत्येक फेरीला वाद्य बदलतं आणि इथंच वाद्यांची ओळख आपोआप होते. आधी फ्लूट, तोही खालच्या सप्तकात, बासरीच्या खर्जासारखा श्वासमिश्रित. मग क्लॅरिनेट. दुसरी धून पहिल्यांदा येते ती बासूनवर. बासून हे खरं तर खर्जाचं वाद्य, अडीचेक मीटर लांबीची दुमडलेली नळी, पण रावेल त्याला इतकं वर चढवतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते सॅक्सोफोन वाटतं. खरा सॅक्सोफोन पुढं येतोच, आधी टेनर, मग सोप्रानो. लग्नाच्या बँडमुळं आपल्याकडं हा आवाज ओळखायला अडचण येऊ नये. ट्रॉम्बोनची फेरी आठव्या मिनिटाच्या सुमारास येते. पितळी वाद्यांत मोकळी मींड घेता येते ती यालाच, कारण त्याला बटणं नाहीत, नळी पुढं-मागं सरकवायची असते. रावेलनं त्याला ती मींड दिलीही आहे.

सहा-साडेसहा मिनिटांनी येणारी फेरी मात्र थांबून दोनदा ऐका. एखादं अनोळखी, ऑर्गनसारखं वाद्य आल्यासारखं वाटतं. तसं वाद्य तिथं नाहीच. धून हॉर्न वाजवतोय, सेलेस्टा (पियानोसारखं, घंटीच्या आवाजाचं वाद्य) तीच धून वरच्या दोन सप्तकांत वाजवतो, आणि दोन पिकोलो (छोटे फ्लूट) तीच धून समांतर, एक पंचमावरून आणि एक गंधारावरून. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच्या जोडीनं वरचा पंचमही असतो. ते सूर तारेच्या कंपनातच असतात. रावेलनं ते सूर सुटे करून एकेका वाद्याकडं दिले. कानानं ते परत एकत्र केले की नवं वाद्य तयार होतं. कोल्हापुरातल्या श्रोत्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये, तंबोरा जुळवताना तो हेच ऐकत आलेला असतो.

व्हायोलिनला धून मिळते ती नवव्या-दहाव्या मिनिटाला. मग एकेक जण जोडला जाऊन सगळा ताफा गरजायला लागतो आणि शेवटच्या मिनिटात एकदम तुमचा तंबोरा टोचायला लागतो. तिथं पट्टी पांढरी एकवरून पांढरी तीनवर उडी मारते. आठ आवर्तनंसुद्धा नीट होत नाहीत तोवर परत पांढरी एक, आणि रचना कोसळल्यासारखी संपते. इतका वेळ एकच सा ऐकल्यावर ती उडी जी काही अंगावर येते, तेच सिंफनीचं मुख्य बळ आहे. ते एकदा कानाला कळलं की पुढचं काम सोपं.

तंबोरा जुळतच नाही, अशी तक्रार इथं हमखास येते. कारणं ठरलेली आहेत. आजचे ऑर्केस्ट्रा पांढरी सहा ४४० ते ४४३ हर्ट्झला मिळवतात, त्यामुळं थोडा फरक राहतो. पण जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर केलेली रेकॉर्डिंगं ४३० किंवा ४१५ ला असतात. ४३० म्हणजे ४० सेंट खाली (लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं), ४१५ म्हणजे जवळजवळ अख्खी पट्टी उतरलेली. पांढरी पाच म्हणून सांगितलेली रचना तिथं काळी तीनवर ऐकू येईल. ॲपमध्ये बारीक मिळवण्याची सोय असते, ती वापरा. दुसरं म्हणजे मायनर रचनेला तंबोरा लावला की तंबोऱ्यातला शुद्ध गंधार आणि रचनेतला कोमल गंधार यांची कुरकुर होते. अशा वेळी तंबोऱ्याऐवजी हार्मोनियमवर नुसता सा-प धरून ठेवलेला बरा. आणि तंबोऱ्याच्या कानाला ऑर्केस्ट्रातला, त्याहून पियानोतला, शुद्ध गंधार चढा वाटतो, तो तुमचा भास नव्हे. समान अंतराच्या स्वरसप्तकात तो नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट वर असतो. पंचम मात्र केवळ २ सेंट खाली, म्हणून तो खटकत नाही. चांगला व्हायोलिन किंवा हॉर्न विभाग लांब कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या तीन-चार सुरांत) गंधार उतरवून घेतो. पियानोला ते शक्य नाही.

आता पट्टी हलते कशी, याची चाहूल कशी घ्यायची ते पाहू. दोन खुणा लक्षात ठेवल्या तरी निम्मं काम होतं. तीव्र मध्यम आला आणि ठासून पंचमावर गेला, की पट्टी पंचमाकडं झुकली, कारण हा तीव्र मध्यम म्हणजे पंचमाच्या पट्टीतला शुद्ध निषाद. कोमल निषाद आला आणि धैवताकडं उतरला, की पट्टी मध्यमाकडं झुकली, कारण तो मध्यमाच्या पट्टीतला शुद्ध मध्यम. आणि नवी पट्टी पक्की झाल्याची पावती खालून मिळते : चेलो आणि डबल बेस नव्या पट्टीचा प वाजवून नव्या सा वर येतात. वरची धून ऐकू नका, तळाची वाद्यं ऐका. समेवर मान हलते तशी इथं प-सा वर हलली पाहिजे.

हायडनची (१७३२–१८०९) ९४ वी सिंफनी याच्या सरावाला उत्तम. पहिल्यांदा वाजली १७९२ मध्ये लंडनला. तिची दुसरी मूव्हमेंट पांढरी एकमध्ये आहे आणि धून कुठल्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला लिहून घेता येईल : सा सा ग ग प प ग, म म रे रे नि नि प, सा सा ग ग प प ग, सा सा म॑ म॑ प. हा शेवटचा मध्यम तीव्र. एवढ्या छोट्या धुनेतही पट्टी पंचमाकडं कलून दाखवलेली आहे. हायडन ती दोनदा वाजवतो, दुसऱ्यांदा आणखी दबक्या आवाजात, आणि दुसऱ्यांदा पंचमावर पोचल्यावर सगळा ऑर्केस्ट्रा एकदम धाडकन कोसळतो. सगळ्यांना तो धमाकाच माहीत असतो. धमाक्याच्या आधीचा तीव्र मध्यम ऐकला की धमाका पंचमावरच का पडला ते कळतं. पुढं तीच धून वेगवेगळ्या साजात येते, एकदा गंधार कोमल होतो, एकदा ओबोकडं जाते.

हायडन, मोझार्ट, बेथोवन यांच्या ऑर्केस्ट्रात पट्टीची तिसरी एक खूण आहे, आणि मला विचाराल तर ती सर्वांत भरवशाची. ती आहे टिंपनी, म्हणजे सुरात मिळवलेले तांब्याचे नगारे. त्या काळी ते दोनच असत, आणि बहुतेक वेळा मूळ पट्टीच्या सा आणि प मध्ये मिळवलेले. आजच्यासारखं पायानं दाबून सूर बदलण्याची सोय नव्हती. चामडं ताणायचे स्क्रू हातानं फिरवावे लागत, तेवढा वेळ वाजवण्याच्या मध्ये मिळत नसे. ट्रम्पेटचंही तसंच. त्याला तेव्हा व्हाल्व्ह (नळीची लांबी बदलणारी बटणं) नव्हते, नुसती नळी. फुंकीच्या जोरावर निघतील तेवढेच स्वयंभू स्वर, म्हणजे खालच्या बाजूला सा, प, सा, ग, प आणि वर गेल्यावर बाकीचे. याचा परिणाम असा, की पट्टी घर सोडून गेली की टिंपनी आणि ट्रम्पेटजवळ वाजवण्यासारखं फारसं काही उरत नसे आणि ते गप्प बसत. ते दोघं मिळून पुन्हा गरजले, की समजायचं, सा घरी आला. त्या काळच्या सिंफनीतला उत्सवी गडगडाट आणि घरवापसी यांचं नातं असं वाद्यांच्या बनावटीतच बांधलेलं आहे. आता ही अडचण राहिलेली नाही, पण रचना त्या अडचणीच्या मापानं लिहिलेल्या आहेत.

हॉर्नची गोष्टही अशीच. सुमारे पावणेचार मीटरची गुंडाळलेली नळी, तोंड मागं, त्यात वादकाचा उजवा हात. त्या काळी पट्टी बदलायची तर नळीचा एक तुकडा काढून दुसरा लावायचा. मोझार्टनं ४० व्या सिंफनीत यावर डोकं चालवलं : दोन हॉर्न घेतले, एक पांढरी पाचचा आणि एक काळी पाचचा, म्हणजे दोघांचे स्वयंभू स्वर मिळून भांडार वाढतं. ट्रम्पेट आणि टिंपनी त्यानं या सिंफनीतून वगळलेच आहेत, त्यामुळं इथं पट्टी शोधायला नगाऱ्याची मदत नाही.

ती सिंफनी १७८८ ची. पहिल्या मूव्हमेंटला आधी व्हायोला हलकेच थरथरत सुरू होतात, मग व्हायोलिन : कोमल ध प प, ध प प, ध प प, आणि वरचा कोमल ग. पांढरी पाच, मायनर. थोड्या वेळानं एक पूर्ण थांबा येतो आणि त्यानंतरची नाजूक, उतरत्या स्वरांची धून काळी पाचच्या मेजर पट्टीत येते. मूळ पट्टीचा कोमल गंधार म्हणजेच काळी पाच. म्हणजे कोमल गंधाराला सा केलं. हा भाग दोनदा वाजतो, तोवर कान बसतो. त्यानंतर काही कॉर्डमध्येच मोझार्ट पहिली धून काळी तीनच्या मायनरमध्ये फेकतो. तंबोरा चालू असेल तर इथं तो बंदच करावा लागेल. हळूहळू पट्टी परत फिरते, पहिली धून घरी येते, आणि मग खरी गंमत : ती नाजूक दुसरी धून, जी आधी मेजरमध्ये आली होती, ती या वेळी पांढरी पाचच्या मायनरमध्ये येते. स्वररचना तीच, चेहरा उतरलेला. ही तुलना करायची म्हणून दोन्ही जागा लागोपाठ ऐकाव्यात. सिंफनीत दुःख म्हणजे सावकाश लय आणि रडवे व्हायोलिन असं मानणाऱ्यांनी तर नक्कीच.

बेथोवनच्या (१७७०–१८२७) पाचव्या सिंफनीवर जास्त थांबतो, कारण तिथं या सगळ्या खुणा एका जागी सापडतात. २२ डिसेंबर १८०८ ला व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली, चारेक तासांच्या कार्यक्रमात, सहाव्या सिंफनीच्या जोडीला. नाव सी मायनर, म्हणजे पांढरी एक. सगळ्या जगाला माहीत असलेली पहिली चार अक्षरं : प प प ग, आणि पुढं म म म रे. गंधार कोमल. पण नाव वाचलं नसेल तर? तेच स्वर काळी दोनच्या पट्टीत ग ग ग सा, रे रे रे नि असेही वाचता येतात. सोबत एकही कॉर्ड नाही, सगळ्या तारवाद्यांनी आणि क्लॅरिनेटनी एकच सूर धरलेला. सा कुठला हे पहिल्या काही क्षणांत बेथोवन सांगतच नाही. हार्मोनियमवर दोन्ही सा धरून पाहा, दोन्ही पटतात.

पाऊण-एक मिनिटानं दोन हॉर्न एकटेच पुढं येतात : प प प सा रे, खालचा प. इथं सा खरोखरच काळी दोनवर गेलेला आहे. लगेच व्हायोलिन प सां नि सां रें ध ध प अशी मऊ धून घेतात आणि खाली चेलो-बेस पहिलं ते ठक-ठक-ठक बडबडत राहतात. पुढं तीच जागा दुसऱ्यांदा येते तेव्हा पट्टी पांढरी एक असते, मेजर, आणि हाक देतात बासून. हॉर्न नव्हे. कारण सरळ आहे : हॉर्नना काळी दोनची नळी लावलेली, त्यांतून पांढरी एकची ही हाक भरघोसपणे निघेना. आजच्या व्हाल्व्हच्या हॉर्नला ते अवघड नाही, म्हणून काही कॉन्डक्टर तिथंही हॉर्न देतात, काही बेथोवननं लिहिल्याप्रमाणं बासूनच ठेवतात. दोन रेकॉर्डिंगं घेऊन ही एक जागा तपासा, कॉन्डक्टर नेमकं काय ठरवतो ते कळेल. नुसता हात हलवतो असं वाटणाऱ्यांसाठी हे चांगलं औषध. बासूनच्या हाकेच्या बरंच आधी एका जागी सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि ओबो एकटाच एक छोटा आलाप घेऊन जातो, तीही जागा चुकवू नका.

ओबो ओळखायला कोल्हापूरकराला शिकवणी नको. अंबाबाईच्या देवळातला सनई-चौघडा ऐकलेला कान पुरे. दोन्ही वाद्यांना दुहेरी पत्ती आणि खाली रुंदावत जाणारी नळी, म्हणून आवाजाला तीच धार. क्लॅरिनेटला एकेरी पत्ती आणि सरळ नळी. सरळ नळी एका टोकाला बंद असल्यासारखी वागते, त्यामुळं फुंक बदलली की सूर सप्तकभर न चढता वरच्या पंचमावर उडी मारतो. म्हणून क्लॅरिनेटचा खर्ज पोकळ आणि वरचा आवाज उजळ, जणू दोन वाद्यं. बँडमधला क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बहुधा काळी पाचचे असतात : कागदावर पांढरी एक लिहिली की निघते काळी पाच. ऑर्केस्ट्रातही तेच, त्यामुळं तिथं अशा वादकांच्या कागदावर वेगळी पट्टी असते आणि कॉन्डक्टरपुढच्या कागदावर त्या सगळ्या एकाखाली एक.

कार्यक्रमाच्या आधी सगळे ओबोकडून पांढरी सहा घेतात. ओबोचा सूर ठाम आणि टोचरा, गर्दीतही ऐकू येतो. वाद्यं तापली की फुंकीची वाद्यं चढतात, दर अंशाला सुमारे ३ सेंट, आणि तारा मात्र सैलावून उतरतात. म्हणून मध्यंतरानंतर पुन्हा मिळवणं आलंच. तारवाद्यांच्या संख्येबद्दल एक गैरसमज फार आहे. मोठ्या ऑर्केस्ट्रात पहिले व्हायोलिन १६, दुसरे १४, व्हायोला १२, चेलो १०, डबल बेस ८ असा ६० जणांचा ताफा असतो, पण १६ व्हायोलिन म्हणजे सोळापट आवाज नव्हे. वादक दुप्पट केले की आवाज सुमारे ३ डेसिबलनं वाढतो. संख्या हवी असते ती आवाजाच्या पोतासाठी : सोळा जणांचे सूर केसभर मागं-पुढं, वर-खाली असतात आणि त्यातून तो रुंद, मखमली आवाज तयार होतो. व्हायोलिन, व्हायोला, चेलो यांच्या शेजारच्या तारांत सा-प चं अंतर. डबल बेसच्या तारांत सा-म चं.

पाचव्या सिंफनीतली सर्वांत मोठी जागा तिसऱ्या मूव्हमेंटच्या शेवटी आहे. सगळं विझल्यासारखं होतं. तारवाद्यं खाली कोमल धैवतावर लांब सूर धरून बसतात, म्हणजे पट्टी भलतीकडंच निघाल्यासारखी वाटते, आणि टिंपनी अगदी दबक्या आवाजात पांढरी एक ठोकत राहते. घरचा सा फक्त नगाऱ्याजवळ उरलेला. वर व्हायोलिन चाचपडत चढायला लागतात, आवाज वाढतो, आणि न थांबता चौथी मूव्हमेंट फुटते : सा ग प, म ग रे सा रे सा, सगळे शुद्ध. ज्या गंधारानं पहिल्या क्षणापासून छळलं तो आता शुद्ध झालेला. तीन ट्रॉम्बोन, पिकोलो आणि काँट्राबासून इतका वेळ गप्प बसून इथं पहिल्यांदा वाजतात, म्हणून हा उजेड नुसता सुरांचा राहत नाही, आवाजाचा पल्लाच खाली-वर दोन्हीकडं रुंदावतो.

ही जागा बिघडवायची मोबाइलमध्ये भरपूर सोय आहे. ॲपमध्ये प्रत्येक मूव्हमेंट वेगळा ट्रॅक असतो. दोन ट्रॅकमध्ये खंड पडला, किंवा फुकटच्या आवृत्तीत जाहिरात घुसली, तर संपलंच. 'गॅपलेस' चालू ठेवा, 'शफल' बंद करा. मोबाइलच्या स्पीकरवर ही रचना ऐकूच नये. डबल बेसचा खालचा सूर ४१ हर्ट्झ, टिंपनीचे सूर साधारण १०० ते १३० हर्ट्झ. तो बारका स्पीकर २००-३०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काही देत नाही. म्हणजे पट्टी सांगणारी तळाची सगळी वाद्यं गायब आणि वरचा चिवचिवाट शिल्लक. हेडफोन लावा, बेस बूस्ट काढा, कारण त्यानं चेलोही डबल बेससारखा घुमायला लागतो. हेडफोनमध्ये बहुधा पहिले व्हायोलिन डावीकडं आणि चेलो-बेस उजवीकडं ऐकू येतील. जुन्या बैठकीत दुसरे व्हायोलिन उजवीकडं असतात. रंकाळ्यावर फिरताना वगैरे ऐकायचा हा प्रकार नाही. हळू जागा वाऱ्यात आणि गर्दीत बुडतात, मग आपण आवाज वाढवतो, आणि पुढच्या धमाक्याला कानठळ्या बसतात. प्रत्यक्ष मैफलीला गेलात तर दोन मूव्हमेंटच्या मध्ये टाळ्या वाजवत नाहीत, एवढं पाळा. केशवराव भोसले नाट्यगृहातल्यासारखी जागेवर दाद देण्याची चाल तिथं नाही, आणि मला ते थोडं कोरडं वाटतं.

इथून पुढं ब्राम्सच्या (१८३३–१८९७) चार सिंफनी घ्याव्यात, त्यांत पट्टी हळूच, सांधा न दाखवता सरकते. चायकोव्हस्की त्यामानानं उघडा. लहान मुलं घरात असतील तर प्रोकोफिएव्हचं पीटर अँड द वुल्फ (१९३६) लावा : पक्षी फ्लूटवर, बदक ओबोवर, मांजर क्लॅरिनेटवर, आजोबा बासूनवर, लांडगा तीन हॉर्नवर. बाख (१६८५–१७५०) मात्र इतक्यात नको. त्याच्या फ्यूगमध्ये पट्टीपेक्षा एकाच धुनेचे तीन-चार आवाज वेगवेगळे धरून ठेवणं महत्त्वाचं, तो सराव निराळा.

आणि हे सगळं जमलं, की वाग्नरच्या त्रिस्तान उंड इझोल्ड (१८६५) या ऑपेराची प्रस्तावना लावा आणि तंबोरा जुळवायचा प्रयत्न करा. पांढरी सहा मायनर असावं असं वाटतं, पण पहिला कॉर्ड सुटतच नाही, म्हणजे सा वर विसावत नाही; तो दुसऱ्या कॉर्डवर जातो, तो तिसऱ्यावर. प्रत्येक वेळी प येतो, त्याचा सा येत नाही. हार्मोनियमवर पांढरी तीन धरून ठेवलीत तर ती बऱ्याचदा प म्हणून जुळेल, आणि ज्या सा ची ती वाट पाहते तो टाळला जातोय हे ऐकू येईल. तो पहिला कॉर्ड नीट सुटतो चारेक तासांनी, ऑपेरा संपताना, आणि तोही पांढरी सातच्या मेजरमध्ये.